रिपोर्टवरचा ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे निदान नव्हे



सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या वस्त्यांमध्ये फिरताना अलीकडे एक प्रश्न आमच्या कानावर वारंवार येतो. कुणी शिबिरात रक्त दिलेलं असतं, कुणी लॅबचं ‘फुल बॉडी पॅकेज’ केलेलं असतं. पिशवीतून रिपोर्ट निघतो आणि ताई विचारतात, “अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आलंय. माझ्या हातापायाला मुंग्या येतात, बोलता बोलता शब्द सापडत नाही, मध्येच काही सुचेनासं होतं. हे सगळं त्या थायरॉइडमुळंच का?”

या प्रश्नाला घाईनं ‘हो’ म्हणणारे आहेत आणि घाईनं ‘काही नाही, टेन्शन आहे’ म्हणणारेही आहेत. दोन्ही उत्तरांनी बाईचं नुकसान होतं. पहिल्या उत्तरानं खरा आजार शोधायचा राहून जातो. दुसऱ्या उत्तरानं आजार आहे हेच कुणी मान्य करत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे : अँटिबॉडीचा रिपोर्ट हा एक पुरावा आहे, निकाल नव्हे. पुरावा हातात आला की पुढचा प्रश्न विचारायचा असतो. तो कोणता आणि कुणाला विचारायचा, ते या पानावर समजून घेऊ.

अँटिबॉडी म्हणजे काय?

गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. ती जो हार्मोन बनवते त्यावर शरीराचा वेग ठरतो. हृदयाचे ठोके, पचन, पाळी, झोप, वजन, डोक्याचा तल्लखपणा, सगळ्यांशी त्याचा संबंध आहे. हा हार्मोन बनवायला ग्रंथीला टीपीओ नावाचं एक द्रव्य लागतं.

आपल्या शरीराची संरक्षण यंत्रणा बाहेरून आलेल्या जंतूंवर हल्ला करते. कधी कधी ती चुकून आपल्याच अवयवाला परका समजते. थायरॉइडला परका समजून तिनं टीपीओविरुद्ध जी अस्त्रं तयार केली, ती म्हणजे अँटी-टीपीओ अँटिबॉडी.

जपानचे शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली चार स्त्रियांच्या सुजलेल्या थायरॉइड ग्रंथींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरूनच या आजाराला ‘हाशिमोटो’ म्हणतात. पण ही सूज शरीर स्वतःच घडवून आणतं हे कळायला आणखी ४४ वर्षं लागली. ज्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्याच १९५६ साली लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हाशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या.

आता मुद्द्याची गोष्ट. या अँटिबॉडी दुर्मीळ नाहीत. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत पाच हजारांहून अधिक प्रौढांची रक्ततपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ११ टक्के लोकांचं थायरॉइड मंद होतं, पण अँटी-टीपीओ मात्र जवळपास २२ टक्के लोकांत सापडली. म्हणजे शंभर प्रौढांच्या वस्तीत वीसेक जणांच्या रक्तात ती असू शकते. त्यातले कित्येक जण रोज उसाच्या फडात, बांधकामावर, सूतगिरणीत राबत असतात आणि त्यांना काहीही त्रास नसतो.

रिपोर्टवरचा आकडा ५०० आहे की १००० आहे यानंही फार फरक पडत नाही. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असा सरळ हिशेब यात नाही. एकदा पॉझिटिव्ह आलेली ही तपासणी दर तीन महिन्यांनी पुन्हा करण्यातही अर्थ नाही. ते पैसे वाचवा. लक्ष ठेवायचं ते टीएसएचवर. टीएसएच आज ठीक असेल आणि अँटिबॉडी पॉझिटिव्ह असेल, तर पुढे थायरॉइड मंद होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. इंग्लंडमध्ये वीस वर्षं पाठपुरावा करून केलेल्या पाहणीत अशा स्त्रियांपैकी दरवर्षी शंभरात सुमारे दोघींचं थायरॉइड मंद झालं. म्हणून वर्षातून एकदा टीएसएच करावी. दिवस राहिले असतील किंवा मूल हवं असेल तर लगेच करावी, कारण गरोदरपणात थायरॉइड कमी पडलं तर गर्भाला त्रास होतो. फक्त अँटिबॉडी आहे म्हणून मात्र आयुष्यभराची गोळी सुरू होत नाही.

मेंदू आणि नसांशी संबंध कसा येतो?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की गोंधळ होतो.

पहिली गोष्ट, हार्मोन कमी किंवा जास्त होणं. थायरॉइड मंद झालं की विसरायला होतं, सुस्ती येते, पायात गोळे येतात, मनगटाजवळची नस दबून रात्री हाताला मुंग्या येतात. थायरॉइड जास्त झालं की हात थरथरतात, छातीत धडधडतं, झोप उडते. हे टीएसएचवरून कळतं आणि बहुतेक वेळा योग्य औषधानं सुधारतं.

दुसरी गोष्ट, निव्वळ योगायोग. पाचातल्या एकाच्या रक्तात जी अँटिबॉडी सापडते, ती पाठदुखीच्या रुग्णातही सापडणार आणि फिट येणाऱ्या रुग्णातही. पाऊस पडत असताना घरात भांडण झालं, म्हणून भांडण पावसानं लावलं असं कुणी म्हणत नाही. रिपोर्टचंही तसंच आहे.

तिसरी गोष्ट खरी आहे, गंभीर आहे आणि फार विरळ आहे. तिला ‘हाशिमोटो एन्सेफॅलोपथी’ म्हणतात. १९६६ साली इंग्लंडमधल्या लॉर्ड ब्रेन या मेंदूरोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची पहिली नोंद केली. यात माणसाला फिट येतात, भ्रम होतात, स्मरणशक्ती जाते, अंगाला अचानक झटके बसतात, अर्धांगवायूसारखा झटका येऊन ओसरतो. लक्षणं कमी-जास्त होत राहतात. रुग्णांमध्ये स्त्रियाच जास्त असतात. विशेष म्हणजे यात टीएसएच अगदी साधारणही असू शकते, आणि बऱ्याच रुग्णांना स्टेरॉइडनं चांगला गुण येतो.

हा आजार किती विरळ आहे? इटलीतल्या एका पाहणीचा अंदाज लाखात दोघे असा आहे. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख आणि सांगलीची २८ लाख होती. ढोबळ हिशेब केला तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून सव्वाशेच्या आसपास रुग्ण निघतील. आणि अँटिबॉडी असलेले? पाच प्रौढांत एक धरला तर सात लाखांच्या घरात. सात लाख ‘पॉझिटिव्ह’ आणि त्यात सव्वाशे रुग्ण. आता सांगा, नुसत्या रिपोर्टवरून निदान कसं होणार?

म्हणूनच २०१६ साली जगभरातल्या मेंदूरोगतज्ज्ञांनी या आजाराच्या अटी लिहून काढल्या. फिट, झटके, भ्रम किंवा अर्धांगवायूसारखे प्रसंग यांपैकी काहीतरी सोबत असलेला मेंदूचा बिघाड हवा. थायरॉइडचा आजार असला तर सौम्य हवा. मेंदूच्या एमआरआयमध्ये दुसरं ठोस कारण दिसता कामा नये. रक्तात थायरॉइडच्या अँटिबॉडी हव्यात. मेंदूच्या पेशींवर हल्ला करणाऱ्या दुसऱ्या ओळखीच्या अँटिबॉडी रक्तात आणि पाठीच्या पाण्यात नसाव्यात. आणि बाकीची सगळी कारणं तपासून बाजूला काढलेली हवीत. म्हणजे इथपर्यंत बाकीची दारं ठोठावल्यावरच पोचायचं असतं.

ती दारं न ठोठावता काय होतं, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०२१ साली दाखवून दिलं. हाच आजार असावा अशा संशयानं त्यांच्याकडे आलेल्या १४४ रुग्णांची त्यांनी नीट तपासणी केली. त्यातल्या फक्त ३९ जणांच्या मेंदूला प्रतिकारशक्तीशी संबंधित आजार होता. उरलेल्या १०५ जणांचं दुखणं वेगळंच निघालं. कुणाला मेंदू हळूहळू झिजण्याचा आजार, कुणाला मानसिक आजार, कुणाला झोपेचा आजार, तर कुणाला मेंदूच्या कामकाजात होणारा बिघाड. एवढ्या साधनसंपन्न देशात चौघांपैकी तिघांवर चुकीचा शिक्का बसायची वेळ आली होती. आपल्याकडे तर गावातला डॉक्टर बदलला की शिक्काही बदलतो.

आधी काय तपासायचं?

बाबासाहेबांचंच उदाहरण घ्या. राज्यघटनेचा मसुदा तयार होत होता त्या काळात त्यांच्या पायांच्या नसा असह्य दुखत होत्या. त्यामागं मधुमेह होता. मुंबईत डॉ. मालवणकरांकडे उपचार सुरू असताना डॉ. शारदा कबीर त्यांना भेटल्या, आणि १५ एप्रिल १९४८ रोजी त्या माईसाहेब झाल्या. हे आपल्याला पाठ आहे. पण त्यातला आरोग्याचा धडा आपण घेतला का? पायाला मुंग्या, आग, बधिरपणा असेल तर पहिलं नाव मधुमेहाचं घ्यायचं. उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी ही तपासणी अँटी-टीपीओच्या कितीतरी आधी येते.

त्यानंतर ब-१२ जीवनसत्त्व. ते कमी झालं की मुंग्या येतात, चालताना तोल जातो, स्मरण कमी होतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना ब-१२ तपासायला सांगा. म्हाताऱ्या माणसाला एकाएकी भ्रम झाला तर रक्तातलं सोडियम पाहावं लागतं. जुलाबानं किंवा बीपीच्या काही गोळ्यांनी ते उतरतं. दारू फार असेल तर ब-१ कमी होतं. ते लपवू नका. तासगाव, कवठेमहांकाळ भागात द्राक्षबागांत फवारणीला जाणाऱ्यांनी तेही डॉक्टरांना सांगावं, कारण कीटकनाशकं थेट मज्जासंस्थेवर काम करतात.

फिट आली असेल तर यादी आणखी वेगळी. आपल्या देशात मेंदूतला क्षय आणि मेंदूत फीतकृमीच्या गाठी होणं ही नेहमी आढळणारी कारणं आहेत. या गाठींवरून वस्तीतल्या माणसाला ‘डुकराचं खाल्लंस म्हणून’ असं हिणवलं जातं. खरं शास्त्र वेगळं आहे. कच्चं राहिलेलं मांस खाल्ल्यानं पोटात जंत होतो. मेंदूतली गाठ होते ती त्या जंताची अंडी पोटात गेल्यानं, आणि अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून, दूषित पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून. कधीच मांस न खाणाऱ्यालाही ही गाठ होते. म्हणजे प्रश्न जातीच्या ताटाचा नसून संडासाचा आणि स्वच्छ पाण्याचा आहे.

एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीही या यादीत आहे. सरकारी आयसीटीसी केंद्रात ती मोफत आणि गुप्त होते. लाजेपायी ती टाळून महागड्या अँटिबॉडीच्या तपासण्या करणं म्हणजे दाराची किल्ली खिशात ठेवून भिंत फोडणं आहे.

आणि एक नाव लक्षात ठेवा : एनएमडीए. मेंदूच्या पेशींवरच्या याच नावाच्या भागावर अँटिबॉडी हल्ला करतात, असा आजार २००७ साली ओळखला गेला. तो बरेचदा तरुण मुलींना होतो. चांगली शिकत असलेली पोर अचानक बडबडते, घाबरते, झोपत नाही, मग फिट येतात. काही मुलींत अंडाशयाची गाठ हे त्यामागचं कारण असतं. वेळेत उपचार मिळाले तर बहुसंख्य रुग्ण सुधारतात. अशा मुलीच्या रक्तात थायरॉइडची अँटिबॉडी सापडली म्हणून शोध तिथंच थांबवला, तर ती मुलगी हातची जाऊ शकते.

‘बाहेरचं’ आणि ‘नाटक’

आता आपल्याच घरातलं बोलू. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत. तरी सून मध्यरात्री उठून असंबद्ध बोलायला लागली की कुणीतरी हळूच म्हणतं, “बाहेरचं बघून घ्या एकदा.” मग देवऋषी, अंगारा, लिंबू. मिरचीची धुरी. कधी मारहाण. यात आठवडे जातात. मेंदूला सूज असेल तर ते आठवडे परत मिळत नाहीत.

डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झालेले. साताऱ्यात दवाखाना चालवलेला हा माणूस अंधश्रद्धेविरुद्ध कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्यानंतर महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून घालणं, मारणं, चटके देणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपल्या दोन जिल्ह्यांच्या मातीतून आलेला हा कायदा आपल्याच वस्तीत मोडला जाऊ नये.

दुसरा शब्द ‘नाटक’. हा शब्द घरातही वापरला जातो आणि दवाखान्यातही. सगळे रिपोर्ट चांगले आले की बाई नाटक करते असं ठरतं. आमचा याला ठाम विरोध आहे. मेंदूच्या कामकाजात होणारा बिघाड हाही खरा आजार आहे. त्यात मेंदूची रचना ठीक असते, पण त्याचा हातापायाशी, भानाशी चालणारा कारभार बिघडतो. बाई मुद्दाम काही करत नसते. त्यावर समुपदेशन आहे, व्यायामोपचार आहे. तसंच नैराश्य, भीतीचा आजार, बाळंतपणानंतर होणारा मानसिक आजार यांना औषध आहे. मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं म्हणजे ‘वेडी ठरवली’ असं समजू नका. पण एक अट : शारीरिक कारणं तपासल्यानंतरच तिकडे पाठवावं, तपासणी टाळण्यासाठी नव्हे.

भीती कशाची धरावी, कशाची नाही

नर्सिंगच्या कामात एक गोष्ट हमखास दिसते. ‘पाठीतलं पाणी काढायचं आहे’ असं सांगितलं की नातेवाईक रुग्णाला घेऊन घरी जातात. पाणी काढलं की माणूस कायमचा लुळा होतो, ही भीती. खरं असं आहे की मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो. सुई त्याच्या बरीच खाली टोचतात. काही जणांना एक-दोन दिवस डोकं दुखतं, पाठ दुखते. पण मेंदूज्वर, क्षय किंवा मेंदूला सूज आहे का, हे त्या चार थेंबांवरून कळतं. ही तपासणी कशासाठी हे डॉक्टरांना विचारा, समजून घ्या आणि मग संमती द्या. पळून येऊ नका.

भीती धरायची ती स्टेरॉइडच्या आंधळ्या वापराची. हाशिमोटो एन्सेफॅलोपथीत स्टेरॉइड देतात हे खरं. आधी काही दिवस शिरेतून, मग गोळ्या हळूहळू कमी करत. पण ते रुग्णालयात, तपासण्यांनंतर, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. अंगात क्षय दबून असेल तर स्टेरॉइड तो भडकवू शकतं. साखर आणि बीपी वाढवतं. शिवाय बऱ्याच वेगवेगळ्या आजारांत चार दिवस बरं वाटायला लावतं, त्यामुळं गुण आला म्हणजे निदान बरोबर, असंही होत नाही. ‘ताकदीची सुई’ म्हणून कुठल्याही दवाखान्यात ते टोचून घेऊ नका. आणि बरेच दिवस चालू असलेली स्टेरॉइडची गोळी एका दिवसात बंद करू नका. त्यानं जीवही जाऊ शकतो. अँटिबॉडी ‘मुळापासून काढतो’ म्हणणाऱ्या पावडरी आणि काढे विकणाऱ्यांना दारातूनच जय भीम करा.

फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, मानेजवळचे कपडे सैल करा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, एकामागून एक आली, एका बाजूचं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, तापासोबत मान आखडली, किंवा माणूस ओळखेनासा झाला, तर लगेच १०८ ला फोन करा. अशा वेळी अँटिबॉडीचा रिपोर्ट शोधत बसायचं नाही.

जायचं कुठं?

दर वेळी पुणे-मुंबई गाठायची गरज नाही. सुरुवात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय ही त्यातली साखळी. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना हा निर्णय लागू नाही, तिथं थोडं शुल्क पडतं. सांगली-मिरजेची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आणि साताऱ्यातलं शासकीय रुग्णालय ही आपली हक्काची ठिकाणं. दाखल व्हावं लागलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आजार बसतो का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. योजनेचा मोफत दूरध्वनी १५५३८८ आहे.

जाताना तीन गोष्टी न्या. एक, सगळे जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून. दोन, वहीचं एक पान : त्रास कधी सुरू झाला, किती वेळ टिकतो, कोणत्या गोळ्या चालू आहेत. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर तीही लिहा, ती थायरॉइडची तपासणी चुकवू शकते. तीन, झटका येतो त्या वेळचं मोबाइलवरचं चित्रीकरण. डॉक्टरांसमोर झटका येतोच असं नाही. अर्ध्या मिनिटाचं चित्रीकरण कधी कधी महागड्या तपासणीपेक्षा जास्त सांगतं.

आणि तिथं एकच प्रश्न धीटपणे विचारा : “डॉक्टर, या रिपोर्टशिवाय माझ्या त्रासाचं दुसरं काय कारण असू शकतं, आणि ते कसं तपासणार?” उत्तर आपल्या भाषेत मिळणं हा उपकार नाही, हक्क आहे. महाराष्ट्राच्या २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. उपचाराची कागदपत्रं मागितली तर ती ७२ तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

मागणी आणि जबाबदारी

जतच्या टोकाच्या गावातून मिरजेला किंवा माणमधून साताऱ्याला यायचं म्हणजे दोन माणसांची दिवसाची मजुरी बुडते. डॉक्टर त्या दिवशी नसले की पुढची फेरी होतच नाही. म्हणून आमची मागणी साधी आहे. दोन्ही जिल्ह्यांच्या शासकीय रुग्णालयांत मेंदूरोगतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, हे फलकावर लिहा आणि प्राथमिक केंद्रांना कळवा. ईईजी आणि एमआरआयची तारीख रुग्णाला त्याच दिवशी कागदावर द्या. शिबिरात रक्त घेणाऱ्यांनी रिपोर्ट समजावून सांगणारा डॉक्टर सोबत आणावा. नाहीतर शिबिर घेऊ नये.

आणि आपली जबाबदारी? विहारात दर पौर्णिमेला आपण जमतो. वंदनेनंतर अर्धा तास आरोग्याला द्या. महिला मंडळातल्या दोघींनी सरकारी योजनेची आणि रुग्णालयाच्या वारांची माहिती ठेवावी. एकटी बाई तपासणीला निघाली तर तिच्यासोबत कुणीतरी जावं. ज्या घरात ‘बाहेरचं’ म्हणून कुजबुज सुरू होते, तिथं सकाळपर्यंत न थांबता जावं.

बुद्धांनी कालाम लोकांना सांगितलेली गोष्ट आपण प्रवचनात ऐकतो. ऐकीव आहे म्हणून मानू नका, मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून मानू नका, तपासून पाहा. हीच कसोटी देवऋषीच्या अंगाऱ्याला लावायची आणि हीच कसोटी लॅबच्या छापील कागदालाही लावायची. कागदावर ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं असेल तर घाबरू नका आणि तो गुंडाळूनही ठेवू नका. तो घेऊन निघा.

नमो बुद्धाय. जय भीम.